गोगीचं उत्तर वाटेत आहे

एकशे बारा बस! आणि त्याही रोज! सकाळी पाच चाळीसच्या पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत कुठली गाडी कधी सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार आणि कोणाच्या नाकावर टिच्चून पुढे जाणार, हे सगळं मी ठरवतो. मी बस डेपोत कंट्रोलर आहे. थांब्यावर उभे राहून लोक ज्याला नशीब नशीब म्हणतात, ते आदल्या दिवशी मी कागदावर आखलेलं असतं. त्यामुळे गोगीसाठी नवी शाळा शोधायची वेळ आली, तेव्हा मी हिला शांतपणे सांगितलं, "तू अजिबात काळजी करू नकोस. एकशे बारा बस वेळेवर पोचवणाऱ्या माणसाला एक मुलगी वेळेवर पोचवता येणार नाही का?"

"ती बस नाहीये," ही म्हणाली.

हिला मुद्दा सोडून बोलायची सवय आहे.

गोगी म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं सात. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ती दीड वर्षाची असताना तिच्या मामाने गोगलगाईवरून गोगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. गोगी हुशार आहे. हे मी बाप म्हणून सांगत नाही, नोंदी ठेवणारा माणूस म्हणून सांगतोय. फक्त तिला काही विचारलं की उत्तर लगेच येत नाही. येतं, हमखास येतं, पण आपल्या वेळेने येतं. सकाळी 'दूध गरम हवं की गार?' असं विचारावं, तर दूध पिऊन, कप धुऊन, तो जागेवर पालथा घालून झाल्यावर ती गंभीरपणे म्हणते, "गार."

हिला त्याचं काही वाटत नाही. ही दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तोंडात नळी आणि कापूस कोंबलेल्या माणसाला 'दुखतंय का?' असं विचारायचं आणि मग वाट बघायची, हा हिचा दिवसभराचा उद्योग. मला मात्र वाट बघणं जमत नाही. माझ्याकडे दोन घड्याळं आहेत, आणि मी ती एकमेकांशी ताडून बघतो.

शाळेत पंचाईत व्हायची. वर्गातल्या बाई विचारायच्या, सात अधिक आठ किती? गोगी विचारात. बाई पुढच्या मुलीकडे जायच्या, मग पाढे व्हायचे, मग कविता सुरू व्हायची, आणि ऐन कवितेच्या मध्यावर आमची कन्या उठून उभी राहायची आणि सांगायची, "पंधरा!" सगळा वर्ग खो-खो हसायचा. उत्तर बरोबर होतं याकडे कोणाचं लक्षच जायचं नाही. असं बरेच महिने चाललं. मग गोगी उठेनाशी झाली. शेवटचे दोन महिने ती शाळेत एक शब्दही बोलली नाही, आणि पहिली संपताना शाळेने चिठ्ठी दिली, 'आपल्या पाल्याच्या गरजेनुसार दुसरी शाळा पाहावी.'

ती चिठ्ठी वाचून मला राग आला. हिला रडू आलं. गोगीला काय वाटलं, ते तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "मी सांगत होते. पण त्या पुढे गेल्या."

ते वाक्य मला लागलं, हे मी कबूल करतो. पण मी नुसता हळहळत बसणारा माणूस नाही. मी वही काढली.

दोन आठवडे मी गोगीच्या प्रत्येक उत्तराची वेळ नोंदवली. प्रश्न किती वाजता सुटला, उत्तर किती वाजता पोचलं, वाटेत काय अडथळा आला. निष्कर्ष थक्क करणारे होते. माहितीच्या प्रश्नाला बरोबर नऊ मिनिटं. त्यात तीस सेकंद इकडे नाहीत की तिकडे नाहीत! 'का' असलेल्या प्रश्नाला चाळीस मिनिटं. आणि भीती वाटते का, कुठे जायचंय का, असल्या मनातल्या प्रश्नांना अठरा तास. आमच्या निम्म्या ड्रायव्हरांना जमणार नाही इतका वक्तशीरपणा या पोरीत होता! लोकांना वाटत होतं ती उशीर करते. छे! ती वेळापत्रकानेच चालत होती, फक्त ते वेळापत्रक कोणी वाचलं नव्हतं.

"म्हणजे मुलाखतीतला प्रश्न नऊ मिनिटं आधी विचारून ठेवायचा," मी हिला वही दाखवली. "उत्तर बरोबर मुलाखतीत पोचेल."

"त्यापेक्षा तिच्यासाठी थांबणारी शाळा शोधू या ना."

"शाळा थांबत नसतात! आपण शहरातली सगळ्यात मोठी शाळा घ्यायची."

हिने कपाळाला हात लावला. मी तो होकार समजलो.

सगळ्यात मोठ्या शाळेत मुलांना कायम तेच पाच प्रश्न विचारतात, ही माहिती मला आमच्या तिकीट खिडकीवरच्या बाईंनी दिली. त्यांच्या भाचीची मुलाखत तिथे झाली होती. नाव काय, आई काय करते, वडील काय करतात, अंगावर पट्टे असलेला प्राणी कोणता, मोठेपणी कोण होणार. मुलाखत साडेदहाला. मी गोगीला शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि दहा बावीसपासून दर मिनिटाला एक असे पाचही प्रश्न तिच्या कानात सोडले. गोगीने नेहमीप्रमाणे मान हलवली, म्हणजे प्रश्न मिळाला. दहा सव्वीसला मी वही मिटली. पहिलं उत्तर दहा एकतीसला, शेवटचं दहा पस्तीसला. आता फक्त आत जाऊन बसायचं होतं.

दहा सत्तावीसला शिपाई म्हणाला, "चला, बोलावलंय."

"आत्ता? पण साडेदहाची वेळ आहे!"

"मग चांगलंच की, लवकर झालं."

वाचकहो, बस उशिरा सुटली तर आमच्याकडे ड्रायव्हरला विचारणा होते. पण वेळेआधी सुटली तर शिक्षा होते. कारण उशिरा सुटलेली बस निदान मिळते! हे मी त्या शिपायाला समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात ही गोगीला घेऊन आत गेलीसुद्धा.

मुख्याध्यापिका मॅडमचं टेबल इतकं मोठं होतं की त्याला वळसा घालायला आमची मिनी बस लागली असती. त्यांनी लगेच प्रश्न सुरू केले. नाव? गोगी गप्प. आई काय करते? गप्प. तिसरा, चौथा, पाचवा प्रश्न झाला. गोगी शांतपणे मॅडमकडे बघत होती आणि प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती. मॅडमनी कागदावर पाच फुल्या मारल्या. घड्याळात दहा एकतीस व्हायला काही सेकंद होते.

"बरं, आता पालकांशी बोलते," मॅडम आमच्याकडे वळल्या. "घरात सगळ्यात हट्टी कोण आहे?"

गोगीने खणखणीत आवाजात आपलं पूर्ण नाव सांगितलं.

मॅडम चमकल्या. "वा! प्रामाणिक आहे. मग तुम्ही तिला शिस्त कशी लावता?"

ही तोंड उघडणार, तेवढ्यात गोगी म्हणाली, "आई तोंडात हात घालते. आणि मग दात काढतात."

मॅडमचं पेन थांबलं. हिचा चेहरा पांढरा पडला. "अहो, तसं नाही, मी दवाखान्यात—"

"थांबा. आणि वडील?" मॅडमनी माझ्याकडे रोखून बघितलं. "वडील काय करतात अशा वेळी?"

"बाबा सगळ्यांना बाहेर काढतात," गोगी म्हणाली. "कोणी थांबलं की शिट्टी मारतात."

"मॅडम, हे सगळं खरं आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे!" मी म्हणालो. असं म्हणायला नको होतं, हे आता कळतं.

मॅडमनी आवाज अगदी हळू केला. "बाळ, घाबरू नकोस. घरात आणखी कोणी आहे का?"

"वाघ."

मॅडमनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला आणि विचारलं, "तुला कोणाची मदत हवी आहे का?"

"डॉक्टर," गोगी म्हणाली. "प्राण्यांची."

दहा पस्तीस झाले होते. पाचही उत्तरं सेकंदाला सेकंद वेळेवर पोचली होती. तेवढ्या गडबडीतही मला अभिमान वाटला.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा मॅडमनी स्वतः विचारलेल्या पाच प्रश्नांची उत्तरं यायला सुरुवात झाली. जिन्यात गोगीने पूर्ण नाव सांगितलं, फाटकापाशी वाघ सांगितला. मॅडमनी कळवलं असणार, कारण पुढे आठवडाभर आमच्या घरी बालकल्याण खात्याची माणसं चौकशीला येत होती. ती सगळी भली होती. त्यांनी कपाटंसुद्धा उघडून बघितली. जाताना त्यातल्या एका बाईंनी हिला दाढदुखीबद्दल विचारून घेतलं.

"झालं समाधान?" ही म्हणाली.

"चूक शाळेची होती. तीन मिनिटं आधी बोलावलं."

दुसरी शाळा अगदी नव्या पद्धतीची होती. 'प्रत्येक मूल वेगळं' असं फाटकावर लिहिलं होतं आणि खाली तेच सात रंगांत सात वेळा लिहिलं होतं. इथे मुलाखत वगैरे नव्हती, नुसत्या गप्पा. गप्पा मारायला एक समुपदेशक ताई, आणि बसायला गालिचा. मी या वेळी धडा घेतला होता. नऊ मिनिटांचा हिशोब ताईंना आधीच सांगून टाकला, वहीसुद्धा दाखवली.

ताईंचे डोळे पाणावले. "किती सुंदर! आम्ही तिला हवा तेवढा वेळ देणार. इथे कुणालाही घाई नसते." मग त्या गोगीसमोर मांडी घालून बसल्या. "गोगी, तुला कुठला रंग आवडतो?"

गोगीने मान हलवली.

"घाई नाही हं. सावकाश सांग. विचार करतेयस का? विचार चाललाय ना? शाब्बास! पाणी हवंय का? खिडकी उघडू का? माझी भीती तर नाही ना वाटत? हात धरू का मी तुझा? की नको? हा ससा देऊ का मांडीवर? आवडला का ससा? काय नाव ठेवू या त्याचं?"

मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. गोगी प्रत्येक प्रश्नाला इमानदारीने मान हलवत होती.

आमच्या धंद्यात याला कोंडी म्हणतात. एक गाडी अडकली की मागची येऊन तिला टेकते, तिच्यामागे तिसरी टेकते, आणि बघता बघता सगळा रस्ता बसनी भरून जातो. ताई तर थांबायलाच तयार नव्हत्या! दहा मिनिटांत मी अडतीस प्रश्न मोजले. मध्ये मध्ये 'घाई नाही' होतं, ते धरलं नाही. शेवटी ताईंनी गोगीच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की मूल फार बंद आहे, आधी वर्षभर वेगळ्या खोलीत वेगळे तज्ज्ञ वेगवेगळे बोलतील तिच्याशी, मग वर्गात बसवायचं का ते बघू.

"अहो, पण तुम्ही एक प्रश्न विचारून गप्प बसला असतात ना—" मी म्हणालो.

"आम्ही मुलांना एकटं पाडत नाही," ताई म्हणाल्या.

कोंडी सुटायला वेळ लागतो. बसमध्ये गोगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हिरवा." थोड्या वेळाने, "हो, चाललाय." मग, "पाणी नको." कंडक्टरला वाटलं, त्यालाच सांगतेय. घरी येऊन चपला काढताना तिने सशाचं नाव सुचवलं. जेवताना एका पाठोपाठ एक आठ उत्तरं आली, त्यातली चार 'नको' होती. एकही प्रश्न तिने गाळला नाही. ज्यांना ऐकायचं होतं त्या ताई केव्हाच आपल्या घरी गेल्या असतील, पण ही पोर एकेक उत्तर नीट जुळवून, वाक्य पूर्ण करून, समोरच्या भिंतीला देत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुटाचे बंद बांधता बांधता ती म्हणाली, "नाही. तुमची भीती नाही वाटत."

ही ओट्याशी उभी होती. हिने डोळ्यांना पदर लावला. "सगळ्यांना उत्तरं देतेय हो ती. ऐकायलाच कोणी थांबत नाही. आता पुरे झालं. शाळा मी बघितलीय. उद्या अकराला जायचं. आणि तुम्ही ती वही घरी ठेवायची."

शाळा गल्लीच्या टोकालाच होती. मी रोज तिच्यावरून जात होतो, पण ती इतकी लहान होती की मला गोदाम वाटलं होतं. तिथल्या मुख्याध्यापिका बाई हिच्या दवाखान्यात दाढ भरून घ्यायला आल्या होत्या. तोंडात भूल, त्यामुळे हिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना तासाभराने देता आलं. "पण त्या तासभर थांबल्या, आणि मगच गेल्या," ही म्हणाली. "मला तेव्हाच कळलं. आणि त्या मुलाला फक्त एकच प्रश्न विचारतात, तुला इथे यायचंय का? मूल हो म्हणालं तरच घेतात. दुसरीत एकच जागा आहे, आणि तिच्यासाठी बाहेर दुसरं कुटुंब बसलेलं असणार."

मी हो म्हणालो. वही कपाटात ठेवली. पण डोकं कसं कपाटात ठेवणार? इथे यायचंय का, हा मनातला प्रश्न. म्हणजे अठरा तास! बाई अकरा वाजता विचारणार, उत्तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पोचणार. तोवर ती जागा दुसरं कुटुंब घेऊन गेलं असतं. एकदाच, शेवटचंच, असं मनाशी म्हणत मी गॅलरीत गेलो. गोगी कुंड्यांना पाणी घालत होती. मी खाली वाकलो आणि बरोबर पाच वाजून दहा मिनिटांनी हळूच विचारलं, "गोगी, आपण उद्या नवीन शाळा बघायला जाणार आहोत. तुला त्या शाळेत जायचंय का?"

गोगीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही शाळेत हजर झालो. बाई साठीच्या आसपासच्या, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही, गोगीलाही नाही. नुसतं म्हणाल्या, "चल, शाळा बघू." सगळी शाळा बघायला पाच मिनिटंच लागली. सहा वर्ग, एक आडवी पसरलेली झाडाची फांदी, तिच्यावर ओळीने टांगलेली पाच दप्तरं, पुस्तकांची खोली, हात धुवायची लांब पन्हळ. गोगी प्रत्येक ठिकाणी थांबत होती आणि बाईही थांबत होत्या. पुस्तकांच्या खोलीत तर तिने स्वतःहून एक पुस्तक उचललं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एखाद्या शाळेत तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. हिने माझा दंड इतका जोरात धरला की मी घड्याळ बघू शकलो नाही. म्हणून दुसऱ्या हातातलं बघितलं. अकरा नऊ.

आम्ही ऑफिसात येऊन बसलो. बाई गोगीकडे वळल्या. "तुला इथे यायचंय का?"

अकरा दहा.

"मला काय माहीत?" गोगी ताबडतोब म्हणाली. "मी ती शाळा बघितलीच नाही अजून."

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"नाही बघितली?"

"न बघता कसं सांगणार?" गोगीने वाक्य पूर्ण केलं.

बाई उठून तिच्याजवळ आल्या. त्यांनी बोट तिच्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे नेलं. मग हिला हलक्या आवाजात विचारलं, "हिला दिसतं ना नीट? आत्ता आपण सगळी शाळा फिरलो. वर्ग, झाड, पुस्तकं..."

"दिसतं हो! चांगलं दिसतं!" ही घाबरून म्हणाली. "आणि इतक्या पटकन तर ती कधी बोलतच नाही. गोगी, अगं काय झालं तुला?"

"हे बघा," बाई खुर्चीत बसल्या. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "आमची शाळा लहान आहे. आत्ता पाहिलेलं मुलीच्या लक्षात राहत नसेल, तर तिला आमच्यापेक्षा जास्त जाणकार माणसं हवीत. उगाच तिचं नुकसान नको." आणि त्यांनी टेबलावरची घंटी जवळ ओढली. बाहेरच्या बाकावर दुसरं कुटुंब बसलेलं मला काचेतून दिसत होतं. त्यांची मुलगी भराभरा बोलत होती.

ही रडकुंडीला आली. गोगी माझ्याकडे बघत होती. तिला काहीच कळत नव्हतं. तिला विचारलेल्या प्रश्नाचं तिने अगदी खरं उत्तर दिलं होतं, आणि पुन्हा एकदा मोठ्या माणसांचे चेहरे पडले होते.

"थांबा!" मी म्हणालो. "ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाहीये. ते माझ्या प्रश्नाचं आहे. कालच्या. संध्याकाळी पाच दहाच्या."

आणि मी सगळं सांगितलं. नऊ मिनिटं, अठरा तास, वही, वाघ, सगळं. बोलताना मी फक्त बाईंकडे बघत होतो, कारण हिच्याकडे बघायची छाती नव्हती.

"म्हणजे शाळा दाखवायच्या आधीच तुम्ही तिला विचारलंत, शाळेत जायचंय का?" बाईंनी हिशोब नीट समजून घेतला.

"हो."

"आणि ती म्हणाली, न बघता कसं सांगू?"

"हो."

"मग या खोलीत सगळ्यात शहाणं कोण आहे, हे तुमच्या लक्षात येतंय का?"

हा माहितीचा प्रश्न होता. मी घड्याळाकडे बघितलं.

बाईंनी घंटी वाजवली. बाहेरच्या कुटुंबाला सांगितलं की त्यांचं उद्या कळवते, आणि गोगीला म्हणाल्या, "माझा प्रश्न तुझ्याकडे आहे. झालं उत्तर की आणून दे. उद्या, परवा, कधीही. मी थांबते."

घरी ही माझ्याशी एक शब्दही बोलायला तयार नव्हती. मी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून गोगीच्या पलंगाशी जाऊन बसलो. ती घोरत होती. साडेसात झाले तरी काही नाही. माझ्या नोंदी पहिल्यांदा चुकल्या होत्या! मी मनात म्हटलं, तिला नकोच असणार ती शाळा. तिला आता कुठलीच शाळा नको असणार, आणि त्याचं कारण मी. सव्वाआठला गोगी दात घासत होती. ब्रश तोंडात, फेस ओठांवर. ती आरशाकडे बघून काहीतरी म्हणाली. मला ओ की ठो कळलं नाही.

ही स्वयंपाकघरातून धावत आली. तोंडात काहीही असलेल्या माणसाचं बोलणं हिला कळतं, हिचं कामच ते. हिने गोगीला फेसासकट छातीशी धरलं.

"काय म्हणाली? अगं, काय म्हणाली?"

"ती म्हणाली, हो. तिथे कोणी पुढे जात नाही." आणि त्यानंतर हिने माझ्याशी बोलायला सुरुवात केली. त्यातलं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

तासाभरात आम्ही शाळेत होतो. उत्तर गोगीने स्वतः दिलं. बाईंनी मान हलवली आणि प्रवेशाचा अर्ज पुढे ओढला. नाव, पत्ता, जन्मतारीख झाली. मग एक ओळ आली, 'विद्यार्थ्याच्या विशेष गरजा.'

"ते मी सांगतो," मी सरसावलो. "लिहा, माहितीचा प्रश्न, नऊ मिनिटं—"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गरजा कोणाच्या आहेत?"

"गोगीच्या."

"मग तिलाच विचारू. गोगी, इथे काय लिहू? तुला काय हवंय?"

गोगीने मान हलवली. बाईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. ही पर्समधली टाचणी शोधायला लागली. मी दोन्ही घड्याळं काढून खिशात टाकली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही, आणि हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. तीनदा माझ्या तोंडाशी शब्द आले. तिन्ही वेळा हिने माझ्या पायावर पाय दिला. शेवटी गोगी खुर्चीत ताठ बसली आणि पूर्ण विचारांती म्हणाली,

"बाबांना काहीतरी काम द्या."

बाईंनी ते त्या ओळीवर जसंच्या तसं लिहिलं, खाली सही केली आणि माझीही सही घेतली.

आता गोगी दुसरीत आहे. वर्गात बोलते, म्हणे. कविता चालू असताना पंधरा म्हणाली, तर सगळी मुलं मागे वळून आठवतात की प्रश्न कुठला होता. हे मला बाईंकडून कळतं, कारण माझी सुट्टी शनिवारी असते आणि शनिवारी मी शाळेत असतो. पुस्तकांच्या खोलीमागे हरवलेल्या डब्यांची पेटी आहे. त्यात सध्या त्रेपन्न झाकणं आणि एकेचाळीस डबे आहेत. कुठलं कशाला बसतं, ते मी लावून बघतो. गेल्या शनिवारी सकाळपासून चार जुळले. मी बाईंना म्हटलं, याचं एक नीट वेळापत्रक आखलं, तर दोन आठवड्यांत संपेल.

बाई म्हणाल्या, "घाई नाही. गोगी चौथी पास होईपर्यंत पुरवा."